दुसऱ्या शनिवारची तालीम

शिरोळ तालुक्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत मी २७ वर्षं नोकरी करते आहे. क्लार्क म्हणून लागले, आता उपव्यवस्थापक आहे. एटीएमचा ताळा जुळवणं हे काम गेली ११ वर्षं माझ्याकडे आहे. २८ आणि २९ जून २०२५, म्हणजे चौथा शनिवार आणि रविवार, पुण्याच्या एका संस्थेने आमच्या मुख्य कार्यालयात सायबर हल्ल्याचा सराव घेतला. तेव्हापासून आसपासच्या बँकांतले, पतसंस्थांतले निदान आठ-दहा जण मला फोन करून विचारताहेत, "मॅडम, कसा होता? आम्ही घ्यावा का?" प्रत्येकाला फोनवर सांगणं होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. बँकेचं किंवा संस्थेचं नाव लिहायला वरून परवानगी नाही आणि उणिवाही लिहायच्या आहेत, तेव्हा नावं नकोतच.

खर्च आधी सांगते, कारण संचालक मंडळ तेच आधी विचारणार. दोन दिवसांचे ८५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. तिघांचं जाणं-येणं, राहणं त्यातच. चहा-जेवण आमच्याकडे. आम्ही २२ जण बसलो.

हा विषय आमच्याकडे निघाला मे महिन्यात. ऑपरेशन सिंदूर सुरू होतं, अर्थमंत्र्यांनी बँकांच्या सायबर तयारीचा आढावा घेतला आणि पाठोपाठ महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर विभागाने जाहीर केलं की त्या दिवसांत देशातल्या यंत्रणांवर सुमारे १५ लाख हल्ले झाले, त्यातले १५० लागू पडले. आमच्या संचालक मंडळात तरीही पहिला प्रश्न असाच आला, की १४ शाखांच्या बँकेशी कुणाचं काय वैर? दिल्ली-मुंबई सोडून कोण येतंय शिरोळला? प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्याही मनात तोच होता.

त्याचं उत्तर पहिल्या दिवशी सकाळी मिळालं, आणि तो भाग संस्थेने फार चांगला घेतला. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः पूर्वी बँकेत होत्या, त्यामुळे त्यांना आमची भाषा येत होती. त्यांनी पडद्यावर नुसती एक तारीख लावली: ११ ऑगस्ट २०१८. आणि विचारलं, हा वार कोणता? कुणालाच सांगता येईना. दुसरा शनिवार. बँका बंद.

त्या दिवशी दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत पुण्याच्या कॉसमॉस बँकेची बनावट कार्डं २८ देशांतल्या एटीएममध्ये घातली जात होती. सुमारे १२,००० वेळा पैसे निघाले, ७८ कोटी रुपये. भारतात रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी, आणि त्यात आमच्या कोल्हापुरातली एटीएमही होती. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमधून, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या बँकांच्या संदेशयंत्रणेतून, १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेली, आमच्यासारखीच सहकारी बँक. आम्ही लहानपणापासून तिच्याकडे मोठ्या भावंडाकडे पाहावं तसं पाहत आलो.

बातम्या तेव्हाही वाचल्या होत्या, पण हे घडलं कसं ते मला नीट त्या सकाळी समजलं. कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या स्विचकडे, म्हणजे एटीएमचे व्यवहार पुढे पोचवणाऱ्या यंत्रणेकडे येते. स्विच सीबीएसला, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कोअर बँकिंग यंत्रणेला विचारतो, खात्यात पैसे आहेत का? सीबीएस हो म्हणालं की नोटा बाहेर. चोरांनी मध्येच आपला एक खोटा स्विच उभा केला. विचारणा त्याच्याकडे जायची आणि तो प्रत्येकाला हो म्हणायचा. सीबीएसला कुणी विचारतच नव्हतं. म्हणून एकाही ग्राहकाच्या खात्यातून रुपया कमी झाला नाही, गेले ते बँकेचे पैसे. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली, पण ते नोटा काढणारे आणि त्यांची जमवाजमव करणारे हात. डोकं कुठे होतं, ते संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने मार्च २०१९ च्या अहवालात लिहिलं आहे. उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर लक्ष ठेवणारी ही समिती. निर्बंध चुकवून पैसा उभा करण्यासाठी तो देश ज्या बँकांवर असे हल्ले करतो, त्यांत तिने कॉसमॉसचं नाव घेतलं. तो पैसा तिथल्या राजवटीकडे जातो, शस्त्रांच्या कार्यक्रमाला लागतो.

हे ऐकून सभागृह गप्प झालं. आमच्याकडे ऊसबिलाचे पैसे ठेवणारे लोक आहेत, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आहेत. एखाद्या विधवेची मुदत ठेव कुठल्या तरी क्षेपणास्त्राच्या कामी येऊ शकते, हे कधी मनातही आलं नव्हतं. 'आमच्याशी कुणाचं काय वैर' हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारला नाही. वैर लागतच नाही. दार उघडं असणं पुरतं.

दोन उदाहरणं आणखी दिली, ती लक्षात राहिली. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवरचा हल्ला ४ फेब्रुवारी २०१६ चा, गुरुवारच्या रात्रीचा, कारण तिथे शुक्रवारी सुट्टी. पैसे फिलिपिन्सला पोचले आणि पुढचा सोमवार तिथे चिनी नववर्षाची सुट्टी. ८ कोटी १० लाख डॉलर गेले. ज्या प्रिंटरवर व्यवहारांचे कागद आपोआप निघायचे, तो बंद पडला होता, आणि प्रिंटरच तो, बिघडतो कधी तरी, असंच सगळ्यांना वाटलं. दुसरं उदाहरण दक्षिण कोरियाचं. २० मार्च २०१३ ला तिथल्या वाहिन्यांबरोबर बँकांचे संगणक बंद पाडले गेले, त्यात नोंगह्युप बँक होती. शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची बँक. सहकारावरचा घाला म्हणून मला ते जास्त लागलं.

पहिल्या दिवशी दुपारी मात्र ढिलाई आली. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, त्याही दिल्लीकडच्या कुठल्या तरी मोठ्या बँकेसाठी केलेल्या. आमच्या रोखपाल बाई, ज्यांच्या हातून दिवसाला लाखोंची रोकड जाते, त्या दोन तास नुसत्या चित्रं बघत बसल्या. हातात दिलेली ६४ पानांची पुस्तिकाही इंग्रजी. सहकारी बँकांना शिकवायचं तर मराठीत शिकवा. यात सवलत नाही. कळलं नाही तर शाखेतला माणूस विचारत नाही, मान डोलावतो, आणि पुढे त्याच माणसाच्या टेबलावरून दार उघडतं.

दुसऱ्या दिवसासाठी मात्र पैसे द्यावेत, इतका तो चांगला होता.

टेबलं पाच मांडली होती: शाखा, आयटी, एटीएमचा ताळा, व्यवस्थापन आणि पाचवं ग्राहक-पत्रकारांचं. भिंतीवरचं घड्याळ हाताने तीनवर आणून ठेवलं. सरावातला वार दुसरा शनिवार. खऱ्या दहा मिनिटांत घड्याळ अर्धा तास पुढे सरकवायचे. दर थोड्या वेळाने एका टेबलावर लिफाफा यायचा. फळ्यावर एका कोपऱ्यात 'गेलेली रक्कम' लिहिलेली, आणि ती वाढत जायची.

पहिला लिफाफा आयटीच्या टेबलावर. स्विच चालवणाऱ्या कंपनीकडून मेल: एकाच कार्डावरून १५ मिनिटांत ४० वेळा पैसे निघाले आहेत. प्रशिक्षकांनी विचारलं, ही मेल दुसऱ्या शनिवारी कोण बघतं? आमचा आयटीतला मुलगा प्रामाणिक आहे, म्हणाला, "सोमवारी सकाळी मी बघतो."

मग संपर्कयादी मागवली. ती सर्व्हर रूमच्या कपाटामागे लॅमिनेट करून लावलेली होती. मॅडमनी तिथल्या तिथे खरे फोन लावायला लावले. ९ नंबरांपैकी ४ लागेनात. एक होता २०२१ मध्ये निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांचा. त्यांनी उचलला आणि मोठ्या आनंदाने सगळ्यांची विचारपूस केली. तोवर फळ्यावर ११ लाखांचे ३८ लाख झाले होते.

आमच्या टेबलावरच्या लिफाफ्यात दोन जुडगे होते. एक कार्डांच्या नेटवर्ककडून आलेला सेटलमेंटचा, म्हणजे एटीएममधून किती पैसे गेले त्याचा कागद, दुसरा सीबीएसचा. हे तर माझं रोजचं काम. पट्टी घेतली, लाल पेन घेतलं, बारा आकडी रेफरन्स नंबर एकेक करून टिक करत गेले. पहिली दोन पानं जुळली. तिसऱ्या पानावर, वरून सातवी ओळ: नेटवर्ककडे दहा हजार गेल्याची नोंद, सीबीएसमध्ये काहीच नाही. मी नंबर पुन्हा वाचला. आठवी ओळ तशीच. नववी तशीच. पानाच्या तळापर्यंत लाल पेन एकदाही टेकलं नाही. सराव आहे हे माहीत असूनही तळहाताला घाम आला होता. रोज सकाळी मी हाच ताळा आदल्या दिवसाचा जुळवते, पण दुसऱ्या शनिवारचा जुळवते सोमवारी, आणि तोवर चाळीसेक तास उलटलेले असतात. ११ वर्षांत मला हे खटकलं नव्हतं. त्या तिसऱ्या पानाने खटकवलं.

मी हात वर करून सांगितलं, एटीएमचा स्विच बंद करायला हवा. आता खरा प्रश्न आला. बंद करायचा अधिकार कुणाचा? आमच्या नियमात होतं, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी अध्यक्षांच्या संमतीने. प्रशिक्षकांनी आमच्या साहेबांचा फोन काढून घेऊन खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "साहेब विमानात आहेत." अध्यक्षांचा फोन लग्नाच्या हॉलमध्ये वाजतोय, ऐकू येत नाही. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. फळ्यावर १ कोटी ७० लाख. पंचवीस मिनिटं गेली, कुणी काही केलं नाही. सगळे अनुभवी, सगळे बँकेवर जीव असणारे, आणि कुणीच हललं नाही, कारण उद्या चूक ठरली तर सही कुणाची, हा धाक.

शेवटी शाखेच्या टेबलावरून आमच्या रोखपाल बाई उठल्या. कालच्या इंग्रजीत काही न कळलेल्या. म्हणाल्या, "बंद करा. मी सही करते. एटीएम चार तास बंद राहिल्याने बँक बुडत नाही."

मॅडमनी घड्याळ थांबवलं आणि टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं.

दुपारच्या सत्रात पाचव्या टेबलाची पाळी. लिफाफ्यात व्हॉट्सअॅपचा मेसेज: बँक बुडाली, पैसे काढून घ्या. आमच्याकडच्या लोकांना २०१९ मधल्या पीएमसी बँकेबाहेरच्या रांगा अजून आठवतात, असा मेसेज वाऱ्यासारखा जातो. मॅडमनी इथे युक्रेनचं सांगितलं. १५ फेब्रुवारी २०२२ ला तिथल्या प्रिव्हातबँक आणि ओश्चादबँक या दोन मोठ्या बँकांच्या ऑनलाइन सेवांवर मारा झाला, आणि त्याच वेळी लोकांच्या फोनवर खोटे संदेश गेले की एटीएम बंद पडली आहेत. रणगाडे आले २४ तारखेला. अमेरिका आणि ब्रिटनने त्या माऱ्याचा ठपका रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यावर ठेवला. एकही रुपया न चोरता फक्त माणसांना घाबरवायचं, एवढंच त्यामागे असू शकतं.

आम्हाला वीस मिनिटांत ग्राहकांसाठी सूचना लिहायची होती. पहिला मसुदा आमच्या नेहमीच्या वळणाचा झाला: 'काही तांत्रिक कारणास्तव एटीएम सेवा तात्पुरती खंडित करण्यात आली असून ग्राहकांच्या गैरसोयीबद्दल बँक दिलगीर आहे.' मॅडमनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, हे वाचून तुमच्या आई काय करतील? मी म्हणाले, पासबुक घेऊन रांगेत उभ्या राहतील. दुसरा मसुदा असा झाला: 'आपल्या बँकेच्या एटीएम यंत्रणेवर आज दुपारी बाहेरून हल्ला झाला. तो लक्षात येताच आम्ही स्वतः एटीएम बंद केली. तुमच्या खात्याच्या नोंदी सुरक्षित आहेत. सोमवारी सकाळी दहा वाजता सर्व शाखांत रोख मिळेल. शंका असल्यास शाखाधिकाऱ्यांना या नंबरवर फोन करा.' हा मसुदा आता प्रत्येक शाखेत छापून ठेवला आहे, तारीख आणि नंबर भरायला जागा सोडून. घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं, हा २०२२ पासूनचा नियमही तिथेच मागच्या बाजूला छापला आहे, कारण सरावाच्या दिवशी त्यांचा मेल पत्ता बावीस जणांत एकालाही सांगता आला नाही.

आम्ही पुराच्या पट्ट्यातली माणसं आहोत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आकडे इथे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या महापुरात आमच्या नदीकाठच्या शाखेतली रोकड, सोनेतारणाच्या पिशव्या, खतावण्या आमच्या शिपाई मामांनी आणि दोन क्लार्कनी रातोरात वरच्या मजल्यावर नेल्या. त्यांना कुणाची संमती लागली नाही, कारण पाणी किती आलं की काय उचलायचं हे आधी ठरलेलं होतं. सायबर हल्ल्यासाठी आमच्याकडे असा कुठलाच फूट-इंच ठरलेला नव्हता. आता ठरवला आहे: एका कार्डावरून १५ मिनिटांत १० व्यवहार म्हणजे इशारा, अशी तीन कार्डं म्हणजे धोका, स्विच बंद. हे कोष्टक संस्थेने दिलेलं नाही, आम्ही स्वतः बसून केलं. खरं तर ते त्यांनीच करून घ्यायला हवं होतं.

उणिवा आणखी आहेत. शिपाई आणि एटीएमवरचे रखवालदार यांना बोलवायचंच नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आम्ही ते ऐकलं ही आमची चूक. रात्री अकराला टोपी घातलेला माणूस एकामागून एक आठ कार्डं घालतोय, हे पहिल्यांदा कुणाला दिसणार? दुसरं, एका तरुण प्रशिक्षकांनी १२ ऑक्टोबर २०२० ची मुंबईतली वीज चीनने घालवली, असं ठामपणे सांगून टाकलं. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला होता, हे खरं, पण केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हेच कारण दिलं. ज्यावर सरकारांचंच एकमत नाही, ते सिद्ध झाल्यासारखं सांगू नये. घाबरवून शिकवलेलं टिकत नाही, आणि अशा एका विधानाने बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. तिसरं, लेखी अहवाल आठवड्यात देतो म्हणाले, आला २२ जुलैला. ९ पानं, त्यातली ४ फायरवॉल विकण्याची. आमच्या सरावाबद्दल जेमतेम दीड पान. एवढे पैसे घेतल्यावर हे बरं नाही. मी त्यांना तसं पत्राने कळवलं आहे.

एक गोष्ट त्यांनी सरावाच्या आदल्या आठवड्यात न सांगता केली होती. 'सुधारित महागाई भत्ता' अशा विषयाची खोटी मेल ६१ जणांना पाठवली. १७ जणांनी ती उघडून दुव्यावर बोट ठेवलं, आणि त्यात मी होते. नावं जाहीर केली नाहीत, हे चांगलं केलं. मी स्वतः उठून सांगितलं, कारण हाताखालच्या मुलांना वाटायला नको की हे फक्त त्यांचंच होतं.

तर घ्यावा का? घ्या. पण अटी घालून घ्या. सगळं मराठीत हवं, दोन दिवस प्रत्यक्ष सराव हवा, व्याख्यान दोन तासांपेक्षा जास्त नको. रखवालदारांपासून अध्यक्षांपर्यंत सगळे हवेत. अहवालाची तारीख करारात लिहून घ्या आणि थोडी रक्कम त्यासाठी मागे ठेवा. तुमची बँक लहान असेल तर शेजारच्या दोन-तीन बँका मिळून घ्या, खर्च वाटला जाईल. ३१ जुलै २०२४ ला देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांची यूपीआयसारखी सेवा थांबली होती, कारण त्या सगळ्यांना तंत्रसेवा देणाऱ्या एकाच कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर शिरले आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला बाजूला केलं. आमची बँक त्यात नव्हती. पण ३०० जणांचं दार एकच असेल तर तालीमही एकत्र व्हायला काय हरकत आहे?

आमच्याकडे जुलैच्या अखेरीस ठराव झाला. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी एक अधिकारी जबाबदार, त्याला एकट्याला स्विच बंद करण्याचा अधिकार, आणि सद्हेतूने बंद केला तर कारवाई नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. ताळाही आता शनिवारी संध्याकाळी पाचला आणि रात्री नऊला जुळतो. माझी पहिली पाळी ९ ऑगस्टला आली. दुसरा शनिवार, आणि राखी पौर्णिमा. भाऊ सांगलीहून आला होता. नारळीभात झाला, राखी बांधली आणि तीन वाजता मी त्याला म्हटलं, जरा थांब, एक फोन करते. स्विच कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. चौथ्या मिनिटाला उचलला. पलीकडच्या मुलाने विचारलं, "काही अडचण आहे का मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, तुम्ही उचलता का ते पाहायचं होतं. मग वही उघडून तारीख, वेळ आणि चार मिनिटं हा आकडा लिहिला. पुढच्या पाळीवाल्यांना मी दोन मिनिटांचं सांगून ठेवलं आहे.